आमच्या आजीचे माप

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे दिलेले भाषण)



आम्ही जुन्या अकरावीपर्यंत, म्हणजे मॅट्रिकपर्यंत शिकलो. नंतर शिक्षकाचा अभ्यासक्रम केला. प्राथमिक शाळेत नोकरी केली आणि मुख्याध्यापक होऊन निवृत्त झालो. इतक्या वर्षांत पुष्कळ मुलांना अक्षरे शिकवली. पण आमची पहिली विद्यार्थिनी आमच्याहून पन्नास वर्षांनी मोठी होती. ती आमची आजी. आज तिच्याविषयी सांगणार आहोत. तिचे नाव मात्र सांगत नाही. का, ते शेवटी कळेल.

आजी वसईची. वसई आता पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ पर्यंत ती ठाणे जिल्ह्यात होती. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात जे ख्रिस्ती झाले होते ते इथेच राहिले. जाणार कुठे? ते इथलेच होते. आमची आडनावे पोर्तुगीज, पण घरात सामवेदी बोली. चर्चला आम्ही देऊळ म्हणतो. आजीच्या अंगावर लाल लुगडे असायचे. केळीच्या बागेत वाकून काम करीत असली तर लांबून ते लुगडे तेवढे दिसायचे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकीला धर्मासाठी क्रुसावर मेले. १८६२ साली त्यांना संत ठरवले गेले. आजी त्यांच्याविषयी बोलायची ते शेजारच्या वाडीतल्या मुलाविषयी बोलावे तसे. "आपल्या गावचा पोर," म्हणायची.

आजीचा जन्म १९०८ सालचा. हे तिला ठाऊक नव्हते. देवळातल्या बाप्तिस्म्याच्या वहीला ठाऊक होते. ती दहा वर्षांची असताना, १९१८ साली, एन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली. त्या साथीत तिची आई गेली. पाठीवर दोन भावंडे होती. भाऊ पुढे शाळेत गेला. आजी चुलीपाशी राहिली. तिला कोणी शाळेत जाऊ नको म्हटले नाही आणि जा असेही कोणी म्हटले नाही. त्या काळी पुष्कळ मुलींची शाळा अशीच राहून गेली.

पंधराव्या वर्षी लग्न झाले. सासरी थोडी जमीन होती, तीही कुळाने कसायची. केळी, पानवेल, वांगी, वाल. बावखलाच्या काठी मोगरा. बावखल म्हणजे आमच्याकडचे गोड्या पाण्याचे तळे. विहिरीवर बैलाचा रहाट फिरायचा. १९५० साली आजोबा वारले. चार मुले होती. थोरला मुलगा म्हणजे आमचे वडील. आजी रडली, महिन्याची मिस्सा झाली, आणि दुसऱ्या दिवशी तिने टोपली डोक्यावर घेतली.

वसईच्या बायांचा मुंबईशी संबंध फार जुना. १८६७ सालापासून विरारहून मुंबईला गाडी जाऊ लागली. आमच्या बाया त्या गाडीने भाजी, फुले, केळी मुंबईला नेऊन विकत. आजी रात्री दोनला उठायची. बैलगाडीने स्टेशनावर जायची. पहाटे मुंबईच्या फुटपाथवर बसायची. दुपारी परत येऊन पुन्हा शेतात.

आता मापाची गोष्ट सांगतो.

आमच्या घरी लाकडी पायली होती. शेजारीपाजारी वाल किंवा तांदूळ घ्यायला यायचे. काही लोक माप भरले की वरून हात फिरवून सपाट करतात. आजी कधी सपाट माप देत नसे. वर शीग चढायची, शिगेवरून चार दाणे खाली पडायचे, तेव्हा तिचे माप भरायचे. पडलेले दाणेही ती घेणाऱ्याच्याच पदरात टाकी. शेतावर वारली मजूर यायचे. त्यांची मजुरी संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, आजी स्वतः मोजून द्यायची. माप तेच. "माणूस बघून माप बदललं तर मिस्साला जाऊन उपयोग काय?" असे म्हणायची. ती हे सामवेदीत म्हणायची. आम्ही तुम्हाला कळेल अशा मराठीत सांगतो.

तिचा धर्म हा असा होता. रोज संध्याकाळी देवळाची घंटा झाली की हातातले काम थांबे. जेवणाआधी जपमाळ. सगळ्या घराने गुडघे टेकायचे. कोणी पेंगले तर आजी जप न थांबवता कोपराने ढोसायची. ती स्वतः मात्र रविवारी फादरांचे प्रवचन सुरू झाले की हमखास डुलकी काढायची. त्यावर कोणी हसले की दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे. कार्तिकात निर्मळची जत्रा भरते. तिथे शंकराचार्यांची समाधी आहे. आजी त्या जत्रेलाही जायची. हिंदू मैत्रिणींसाठी घरून सुकेळी न्यायची. नाताळच्या करंज्यांचा पहिला डबा शेजारच्या हिंदू घरी जायचा, आणि दिवाळीत तोच डबा भरून परत यायचा.

अशी ही बाई. तोंडी हिशेबाला पक्की. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा ती हातावर मोजायची. एका बोटावर चार खुणा. चार बोटांच्या सोळा. एक हात भरला की एक रुपया. मुंबईत फुटपाथवर तिला कोणी एका आण्याने फसवू शकत नव्हते.

मग १९५७ सालचा १ एप्रिल आला. त्या एका दिवशी आजीच्या दारात दोन कायदे येऊन उभे राहिले.

पहिला कुळकायदा. जो जमीन कसतो तो त्या दिवसापासून जमिनीचा मालक समजायचा, असा तो कायदा. मालकाला ठरेल ती किंमत हप्त्याने द्यायची. आजीसाठी हे मोठेच काम होते. पण त्या तारखेच्या काही दिवस आधी मालकाकडचा एक माणूस घरी आला. बरोबर कागद आणि शाईची डबी. गोड बोलला. म्हणाला, "मावशी, सरकारी कागद आहे. तुझ्याच नावासाठी आहे. अंगठा दे."

आजीने हात पुढे केला नाही. ती म्हणाली, "अंगठा माझा आहे, पण डोळे नाहीत. डोळे दुसऱ्याचे आणते, मग देते." कागद घेऊन ती तडक देवळात फादरांकडे गेली. फादरांनी वाचला. तो राजीनामा होता. मी ही जमीन आपल्या खुशीने सोडून देत आहे, असे त्यात लिहिले होते. आजीने कागदाची घडी घातली, घरी आली आणि तो त्या माणसाच्या हातात ठेवला. भांडली नाही. एवढेच म्हणाली, "हा तुमचा कागद. जमीन माझ्याकडे राहू दे." पुढे ती मामलेदार कचेरीत उभी राहिली. जमिनीची किंमत ठरली. हप्ते फेडायला तिला पुष्कळ वर्षे लागली.

मंडळी, ही हकीकत आम्हाला आमच्या वडिलांनी सांगितली. तेव्हा आमचा जन्म व्हायचा होता. आजी शहाणी म्हणून वाचली हे खरे. पण त्या दिवशी फादर गावाला गेलेले असते तर? कित्येक कुळांनी अशा कागदांवर अंगठे दिले आणि त्यांची जमीन गेली. ती माणसे आजीपेक्षा कमी शहाणी होती असे नाही. त्यांना वेळेवर दुसऱ्याचे डोळे मिळाले नाहीत, एवढाच फरक.

दुसरा कायदा पैशांचा. त्याच दिवशी आणे गेले आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे. आता सव्वासहा बोटावर कसे मोजायचे? आजीच्या हातात मावणारा रुपया हाताबाहेर गेला. पुढच्या चार-पाच वर्षांत शेरही गेला आणि किलो आला. आकडा वाचणाऱ्याला त्याचा फारसा त्रास झाला नाही. कागद बघितला की झाले. पण आजीचे सगळे शहाणपण जुन्या मापांत होते. ती मापे सरकारने काढून घेतली. पन्नाशीला आलेली ही हुशार बाई बाजारात पुन्हा लहान मूल झाली.

त्याच दहा वर्षांत दुसरीकडे उलट घडले. घरची जपमाळ आमची मराठीत असायची. देवळातली मिस्सा मात्र लॅटिनमध्ये. वेदीवर फादर लॅटिन बोलायचे आणि खाली बाया आपापली माळ ओढायच्या. १९६२ ते १९६५ या काळात रोमला व्हॅटिकन परिषद भरली. लोकांच्या भाषेत उपासना करायला तिने मोकळीक दिली. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले. आजी त्यांना बघायला गेली. गर्दीत तिला फक्त पांढरी टोपी दिसली, पण ती टोपी तिने जन्मभर सांगितली. नंतर आमच्या देवळात मराठी मिस्सा सुरू झाली. आजी साठीला आली होती. त्या दिवशी तिने डुलकी काढली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं देवाशी मी बोलत होते. आज देव माझ्याशी बोलला."

आमच्या वसईच्या मराठीचे पुढे मोठे कौतुक झाले. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. २०२० साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे ते अध्यक्ष झाले. आजी तेव्हा नव्हती. असती तर त्यांनाही म्हणाली असती, आपल्या गावचा पोर.

तर देवळाची भाषा आजीजवळ आली आणि बाजाराची भाषा दूर गेली. शिकण्याची बुद्धी तिला इथे झाली. आम्ही तेव्हा तिसरीत होतो. साल १९६७. एके रात्री जपमाळ झाल्यावर ती आमच्या पाटीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "पोरा, मला आधी आकडे दाखव. अक्षरं मागून."

प्रार्थना तिला सगळ्या पाठ होत्या. त्यासाठी अक्षरे नकोत. तिला हवे होते आकडे. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिकवले. सण तांबड्या अंकात छापलेले असत. कोणता सण किती तारखेला हे तिला माहीत होतेच. नाताळ पंचवीस तारखेला. म्हणजे हा दोन आणि हा पाच. अशी ती सणांवरून अंक ओळखू लागली. एक म्हणजे मासे धरायचा गळ. पुढे अक्षरे आली तेव्हा ठ म्हणजे रहाटाचे चाक. महिन्याभरात अंक आले. नाव लिहायला पावसाळा गेला. हात नांगराला आणि विळ्याला सरावलेला. पेन्सिल इतकी दाबायची की पाटीवर चरा उठायचा.

वाचनाची मात्र गंमत व्हायची. प्रार्थनेचे पुस्तक हातात दिले की तोंड पुढे आणि बोट मागे. पाठच असायचे ना सगळे! आम्ही रागावलो की म्हणायची, "मास्तर, देव ऐकतो आहे, तुम्ही कशाला तपासता?" खरे वाचन तिने पहिल्यांदा केले ते स्टेशनावर. गाडीतून उतरलो आणि ती फलाटावरच्या पाटीपुढे थांबली. माणसे धक्के मारून जात होती. तिने एक एक अक्षर जोडले. वसई रोड. चाळीस वर्षे ज्या फलाटावर ती उतरली, त्याचे नाव तिने साठाव्या वर्षी वाचले.

आता पट्टीची गोष्ट ऐका. तुमच्यातले जे माल विकतात त्यांनी नीट ऐका.

गुडघे दुखू लागल्यावर आजीने मुंबईला जाणे सोडले. माल गावातल्या इतरांच्या मालाबरोबर एका दलालाकडे जाऊ लागला. दलाल माल विकायचा आणि पैशांबरोबर पट्टी पाठवायचा. पट्टी म्हणजे हिशेबाचा कागद. किती करंड्या आल्या, वजन किती, भाव काय. त्यातून हमाली, तोलाई आणि दलाली वजा. खाली उरलेली रक्कम. वडील तेव्हा मुंबईत नोकरीला जायचे. पट्ट्या वाचायला कोणाला सवड नव्हती. आजी सगळ्या पट्ट्या एका तारेला टोचून ठेवायची. करंडी गाडीत चढली की एक चिंचोका डब्यात टाकायची. पैसे आले की डबा रिकामा. कधी कधी तिला वाटायचे, पैसे कमी आले. पण बोलणार काय? भाव पडला असेल, असे म्हणून गप्प बसायची.

अंक आल्यावर एक दिवस पट्टी आली. आजीने ती दिव्याजवळ धरली. बराच वेळ बघितले. मग डब्यातले चिंचोके जमिनीवर ओतले. पाच चिंचोके. पट्टीवर आकडा चार. तिने आम्हाला हाक मारली. "हा चारच ना रे? की पाच असा पण काढतात?" आम्ही म्हणालो, चारच.

दुसऱ्या दिवशी दुखऱ्या गुडघ्याने ती मुंबईला गेली. आम्हाला बरोबर घेतले. दलालापुढे तिने पट्टी ठेवली आणि बाजूला पाच चिंचोके मांडले. दलाल हसला. म्हणाला, "मावशी, चिंचोक्यावर कुठे हिशेब होतो?" आजी म्हणाली, "शेठ, चिंचोका माझा, आकडा तुमचा. तुमची वही काढा, तिघांचं जुळवू." वही निघाली. वहीत पाच करंड्या होत्या. कारकुनाकडून लिहिताना चुकले, असे तो म्हणाला आणि एका करंडीचे पैसे त्याने मोजून दिले.

घरी आल्यावर तिने तार काढली. आम्ही दोघांनी एक एक पट्टी पाहिली. मागची काही चूक झाली असेल तर ती कळायला मार्गच नव्हता, कारण मागचे चिंचोके केव्हाच डब्यातून गेले होते. आम्हाला वाईट वाटले. आजी म्हणाली, "ते गेले ते शाळेच्या फीमध्ये गेले म्हणायचे." त्या दिवसापासून ती करंड्यांचा आकडा वहीत लिहू लागली. तो दलाल पुढे आमच्या पट्ट्या जपून लिहायचा. गावातल्या बाया आपापल्या पट्ट्या आजीकडे आणू लागल्या. जेमतेम पाटी सोडलेली आमची आजी गल्लीची कारकून झाली.

तिला सर्वांत दुःख पैशांचे झाले नव्हते. त्या रात्री जपमाळ झाल्यावर ती म्हणाली, "मी शीग लावून दिलं आणि मला सपाटसुद्धा मिळालं नाही." आम्ही लहान होतो, पण ते वाक्य लक्षात राहिले. आजी जन्मभर दुसऱ्याला खरे माप देत आली. पण आपल्याला मिळालेले माप खरे आहे की नाही हे पाहायचे साधन तिच्याकडे नव्हते. ते तिला साठाव्या वर्षी मिळाले. प्रामाणिकपणा तिने कोणाकडून शिकला नव्हता, पण त्याचे रक्षण करायला तिला अंक शिकावे लागले.

पुढे तिने पतपेढीच्या कागदावर सही केली. आमच्या वसईत १९१८ साली कॅथॉलिक लोकांची पतपेढी निघाली, तिचीच पुढे बँक झाली. सावकाराच्या दारातून लोकांना तिने सोडवले. रहाटाच्या जागी पंप बसवायला आजीने कर्ज काढले. कारकुनाने सवयीने शाईची गादी पुढे सरकवली. आजीने ती बोटाने बाजूला केली आणि पेन मागितले. सही करायला तिने इतका वेळ घेतला की मागे रांग लागली. कोणी कुरकुरले नाही. सही झाल्यावर तिने ती एकदा वाचून पाहिली. मग कागद दिला.

आजी १९८६ साली गेली. नाताळ पंधरा दिवसांवर होता. करंज्यांचे सारण तिने सांगून करवून घेतले होते. शेवटच्या संध्याकाळी जपमाळ आम्ही म्हटली. ती फक्त ओठ हलवत होती. तिच्या अंत्ययात्रेला सारा गाव आला. वारली मजूर आले, निर्मळच्या मैत्रिणी आल्या, भाजीवाल्या बाया आल्या. शेजारच्या हिंदू घरात त्या दिवशी चूल पेटली नाही. आम्ही तिच्या पेटीत तिची जपमाळ ठेवली. डब्यातले चिंचोके घरी ठेवून घेतले. ती लाकडी पायलीही आमच्याकडे आहे. तिच्यात आता कोणी काही मोजत नाही. रहाट गेला, जमिनीच्या आसपास इमारती उठल्या. पण आमची नातवंडे विचारतात, हे काय आहे? तेव्हा आम्ही तांदूळ ओतून शीग कशी चढते ते दाखवतो.

तुमच्यापैकी काहीजण म्हणतात, आता या वयात शिकून काय मिळणार? आम्ही तुम्हाला मोठे काही सांगत नाही. पुस्तके पुढे वाचाल. आधी तुमच्या घरी येणारा कागद वाचा. रेशनचा, विजेच्या बिलाचा, बँकेचा. आकडा बघा. आपल्याजवळचा चिंचोका आणि त्यांचा आकडा जुळतो का बघा. जुळला नाही तर भांडू नका, वही काढायला सांगा. आणि जोवर वाचता येत नाही तोवर आजीसारखे म्हणा, डोळे आणते, मग अंगठा देते. त्यात कमीपणा नाही.

आता शेवटचे. आजीचे नाव आम्ही का सांगितले नाही? या वर्गात येण्याआधी आम्ही दारात पाच-सहा जणांना विचारले, तुमच्या आजीचे नाव काय? दोघांनाच सांगता आले. बाकीचे म्हणाले, आम्ही आजीच म्हणायचो. जिने आपल्याला वाढवले तिचे नाव कुठे लिहिलेले नसते, आणि घरातली जुनी माणसे गेली की ते कायमचे जाते. म्हणून आजचा अभ्यास असा. घरी जाऊन विचारा. थोरल्या काकांना विचारा, मावशीला विचारा. आणि उद्या येताना वहीच्या पहिल्या पानावर तुमच्या आजीचे पूर्ण नाव स्वतःच्या हाताने लिहून आणा. अक्षर वाकडे आले तरी चालेल. पेन्सिल दाबली गेली तरी चालेल.